हौसाबाईचं ‘येतं’

चला, पाय पांघरुणात घ्या. आणि मध्येमध्ये ‘आजी, पुढे काय, पुढे काय’ असं टोचायचं नाही. मी सांगतेच आहे.

एक होतं तळं, भलंमोठं, आणि तळ्याकाठी राहायची एक पोर. नाव तिचं हौसा. पोर कसली, नुसती प्रश्नांची पोतडी! कुंभार मडकं थापायला लागला, की ही पुढ्यात हजर. “काका, हे कसं हो करता? मला शिकवा ना.” कुंभार हाकलायचा. ही दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. शेवटी बिचारा कंटाळून शिकवायचा.

मग एकदा काय झालं, तळ्यातलं म्हातारं कासव काठावर ऊन खात बसलं होतं. हौसानं त्यालाही सोडलं नाही. “कासवआजोबा, पाण्यात इतका वेळ श्वास कसा हो कोंडून धरता?” कासवाला इतकं बरं वाटलं! शंभर वर्षांत त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, नुसते दगड मारले होते. ते म्हणालं, “पोरी, तू विचारून जे शिकशील ते कधी विसरायची नाहीस. माणसाचं शीक, नाहीतर पाखराचं शीक. पण एक सांगून ठेवतो. न येणाऱ्याला ‘येतं’ म्हणालीस, की येणारं एक उठून जाईल.” आणि बुडुक्कन पाण्यात गेलं.

मग काय, हौसा शिकतच सुटली. बुरुडाकडून टोपल्या विणायला शिकली. मैनेकडून पाखरांची बोली शिकली, बरं का! लग्न झालं, लेक झाली, लेकीचं नाव पारू, तरी हिचं शिकणं चालूच. आणि सगळं झटकन यायचं असंही नाही हं. चाळिशीत पंतोजींच्या पडवीत चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत बसून तिनं अक्षरं गिरवली. एक ‘ख’ बसायला आठ दिवस लागले. पोरं फिदीफिदी हसली. हीसुद्धा हसली, आणि पुन्हा गिरवायला लागली. स्वतःला आलं तसं पारूलाही शिकवलं.

होता होता ती म्हातारी झाली आणि तिची कीर्ती राजाच्या कानावर गेली. राजानं तिला वाड्यावर राहायला बोलावलं, तिच्या अंगावर जरीची शालजोडी पांघरवली आणि भर दरबारात सांगितलं, “या हौसाबाई. यांना सगळं येतं.” झालं! तिथंच घात झाला. ज्याला सगळं येतं, त्यानं विचारायचं कसं, सांगा बरं?

पहिल्याच आठवड्यात राणीनं सारीपाट मांडला. “हौसाबाई, तुम्हाला येत असेलच.” तिला कुठला येतोय! ‘शिकवा ना’ अगदी ओठांवर आलं होतं. पण दासी बघत होत्या, खांद्यावर शाल होती. ती म्हणाली, “येतो की.” मग डोकं दुखल्याचं सोंग करून उठली. सकाळी टोपली विणायला बसली, तर बोटं नुसती चाचपडायला लागली. टोपलीला बूडच धरेना. हौसाबाईला कासव आठवलं आणि कानशिलं तापली. तिनं ती टोपली गवताखाली दडवली.

आता म्हणाल, एवढी शहाणी बाई, मग सांगून का नाही टाकलं? अरे, इतकं सोपं असतं का ते! तुझ्या बापानं मला तो फोन तीनदा शिकवला. चौथ्यांदा विचारायची लाज वाटली, तर बसलेच ना मी गप्प! गोष्ट ऐका.

मग दुसरं झालं. तळ्याच्या बांधातून बाहेरच्या अंगाला पाणी पाझरायला लागलं. बांधाच्या खाली वाडी, आणि त्याच वाडीत पारूचं सासर. घरात चार महिन्यांचं तान्हं बाळ. राजानं विचारलं, “हौसाबाई, बांध बुजवता येतो ना?” तिनं उभ्या जन्मात बांधाला हात लावला नव्हता. तरी बोलून गेली, “येतो की. जिथून पाझरतंय तिथं बाहेरून दगडमाती ठोकून बसवा.” तिथं भिवरा नावाची म्हातारी होती, बांधाची माती तुडवण्यात जन्म गेलेला. ती म्हणाली, “बाईसाहेब, असं बाहेरून...” हौसाबाई तिच्यावर खेकसली, “गप ए! तुला काय कळतंय?” आपलं बिंग फुटेल म्हणून खेकसली, दुसरं काय! लोकांनी दगडमाती ठोकली. पाझर थांबला. सगळे म्हणाले, “वा, हौसाबाई!” आणि परतताना वाटेतल्या देवळाच्या कमानीवरची अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी वळवळायला लागली. वाचणं गेलं होतं.

चार दिवस गेले. हौसाबाई दरबारात बसली होती, आणि पारूची चिठ्ठी आली. तिनं ती उलगडली. काही म्हणजे काही कळेना. तेवढ्यात खिडकीत मैना येऊन ओरडायला लागली, “हौसे, हौसे, धाव! बांधाच्या पोटात...” आणि इकडे राजानं विचारलं, “काय हो, काय लिहिलंय लेकीनं?” सगळा दरबार तिच्याकडे बघत होता. तिनं चिठ्ठीवर नजर फिरवली आणि हसून म्हणाली, “सगळी खुशाल आहेत.”

मैनेचं बोलणं तिथंच तुटलं. म्हणजे मैना ओरडतच होती हो, जिवाच्या आकांतानं. पण हिला ऐकू येत होती ती नुसती चिवचिव.

बांधाच्या पोटात काय? लेकीनं काय लिहिलंय? हातात चिठ्ठी आहे, समोर मैना आहे, आणि आपल्याला काही कळत नाही. आणि कळत नाही म्हणून सांगायचीही लाज! तिला स्वतःचीच इतकी किळस आली, की धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग ती उठली. शाल काढून खाली ठेवली आणि म्हणाली, “महाराज, मी खोटं बोलले. मला हे वाचता येत नाही. कुणीतरी वाचून दाखवा.”

दरबारात कुणी खाकरलं, कुणी कुजबुजलं. राजानं स्वतः चिठ्ठी घेऊन वाचली. “आई, बांध फुगलाय. घरात जमिनीतून घोटाभर पाणी वर आलंय. बाळाचा पाळणा आढ्याला टांगलाय. माणसं वाडी सोडा म्हणतात, पण तू बुजवलेला बांध फुटायचा नाही, म्हणून आम्ही थांबलोय.”

माझ्या शब्दावर थांबलेत! हौसाबाई रडत रडत म्हणाली, “महाराज, मला बांधातलंही काही कळत नाही. आधी वाडी मोकळी करा.” घोडेस्वार सुटले. आणि ती स्वतः पळत सुटली ती थेट भिवराच्या झोपडीत.

“भिवराबाई, माझं चुकलं. मला येत नाही. शिकवा.”

“आत्ता सुचलं होय!” भिवरा म्हणाली. “लेकरं बुडायला लागली तेव्हा?” हौसाबाईनं पदर खोचला. “अगं, पाणी शिरतं आतून, तळ्याच्या अंगानं. तू बाहेरून बूच मारलंस. मग ते जाणार कुठं? बांधाच्या पोटातच तुंबणार ना! चल, घे ती कोंड्याची पाटी.”

मग भिवरानं बाहेरचे दगड थोडे थोडे काढवले, तुंबलेल्या पाण्याला वाट दिली. आतल्या अंगाला पाण्यावर कोंडा उधळला. एका जागी कोंडा गरगर फिरून खाली ओढला गेला. “दिसलं? तिथं आहे भोक. उतर.” हौसाबाई गळ्याइतक्या पाण्यात उतरली. भिवरा वरून मळलेली चिकणमाती देत होती आणि शिव्याही देत होती. “अंगठ्यानं दाब! तळहातानं नव्हे!” हौसाबाई चुकत होती, विचारत होती, पुन्हा दाबत होती. दिवस मावळायच्या आत पाझर बंद झाला. बांध वाचला, वाडी वाचली. पारू बाळाला घेऊन टेकडीवर सुखरूप होती.

पण गेलेलं काही परत आलं नाही हं. टोपली नाही, अक्षर नाही, मैनेची बोली नाही. आणि लाज? ती तर मुळीच गेली नाही. वाडीतली माणसं तोंडावर काही बोलायची नाहीत, पण तिला बघून बोलायची थांबायची. त्यांच्यासमोरून जाताना हौसाबाईची मान वर व्हायची नाही.

एक दिवस ती लेकीच्या दारात येऊन बसली. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “पारू, मला लिहायला शिकवशील?” पारूनं बाळाला मांडीवरून खाली ठेवलं, आईच्या मागे बसली, आणि तिचं बोट हातात धरून जमिनीवर पहिलं अक्षर काढलं. वाकडंच आलं. “आई, पुन्हा,” पारू म्हणाली. आणि हौसाबाईनं पुन्हा काढलं.

अशी ती मायलेकरं तळ्याकाठी सुखानं नांदली. झाली गोष्ट, मिटा डोळे. आणि कुणाला काही कळलं नसेल, तर लाजू नका रे. सकाळी विचारा. मला येत असेल तर सांगेन.