नरहरचा गप्प संगणक

एका तालुक्याच्या गावी, पिठाच्या गिरणीच्या अगदी समोर, नरहर नावाच्या कारागिराचे दुकान होते. सुटे भाग आणून संगणक जुळवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. असे लोक अधूनमधून म्हणत. नरहर स्वतः मात्र रोज म्हणे.

“तयार मशीन म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा,” तो गिऱ्हाइकांना सांगे. “मी माणूस बघतो, मग मशीन बांधतो.”

एकदा संक्रांतीच्या सुमारास सोनटक्के बाई त्याच्या दुकानात आल्या. याच बाईंनी नरहरला तिसरीत शिकवले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतले होते. जिल्ह्याच्या गावी अंध मुलांची शाळा होती. तिथल्या मुलांसाठी बाई घरी बसून पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचत आणि संगणकावर ध्वनिमुद्रित करून पाठवत. मुले ते धडे ऐकून अभ्यास करत. पण बाईंचा जुना संगणक इतका घरघरत असे, की धड्यात बाई कमी आणि तोच जास्त ऐकू येई.

“मला वेगवान नको, नरहर,” बाई म्हणाल्या. “मला गप्प हवा. दहावीच्या मुलांचा भूगोल राहिलाय. मार्चात परीक्षा आहे त्यांची.”

नरहर खूश झाला. अशी मागणी कोणी केलीच नव्हती. बाकीच्यांना काचेची पेटी आणि आत लाल-निळे दिवे हवे असत. त्याने आठ दिवस नुसता विचार केला. प्रोसेसर निवडला तो मवाळ, फारसा न तापणारा, कारण जो तापत नाही त्याला गार करावे लागत नाही. खेळांसाठी लागणारे चित्रांचे वेगळे कार्ड घेतलेच नाही. फिरत्या तबकडीची डिस्क टाळून ज्यात काहीच हलत नाही अशी डिस्क घेतली. पॉवर सप्लाय गरजेपेक्षा थोरला घेतला, म्हणजे त्याला धाप लागणार नाही. आणि पंखा घेतला एकच, पण चांगला वीतभर रुंद. लहान पंख्याला भरभर फिरावे लागते आणि तो ओरडतो; मोठा सावकाश फिरतो आणि गप्प राहतो. त्या पंख्याच्या चारी कोपऱ्यांत नरहरने रबरी चकत्या घातल्या. पेटी जाड पत्र्याची घेतली आणि आतून तिला आवाज शोषणारा लोकरी नमदा लावला.

खरे सांगायचे तर निवड बिनतोड होती. इथवर नरहरला नावे ठेवायला जागा नाही.

संगणक तयार झाला. गावात नवी वस्तू पूजा केल्याशिवाय कोणी घरी नेत नाही, मग ती सायकल असो की शिलाई मशीन. नरहरने नारळ आणला, हळदकुंकू आणले, कुंकवाच्या पाण्यात तांदूळ भिजवून अक्षता केल्या. पेटीचे झाकण मात्र त्याने लावले नाही.

गिरणीवाले म्हणाले, “अरे, झाकण तरी लाव.”

“राहू दे उघडं,” नरहर म्हणाला. “देवाला तरी कळू दे, आत काय काय घातलंय ते.”

देवाला आधीच ठाऊक असावे. जमलेल्या माणसांना कळावे, हाच खरा हेतू होता. नरहरने ओंजळभर अक्षता वाहिल्या, सगळ्यांना एकेक भाग बोटाने दाखवला आणि मग झाकण लावले. संगणक सुरू करून पेटीला कान लावला. समोर गिरणी धडधडत होती. “बघा,” तो म्हणाला, “आहे का कुठे आवाज?”

नव्हता. गिरणीसमोर ढोल वाजवला असता, तरी तो नसताच. तांबट आळीतल्या कबुतरांना ठोक्यांचे काही वाटत नाही, तशी नरहरच्या कानांना गिरणीची सवय झाली होती.

चार दिवसांनी बाई आल्या. म्हणाल्या, “नरहर, त्यात काहीतरी टिकटिकतं रे. लाकडात किडा कुरतडतो ना, तसं बारीक.”

“शक्य नाही, बाई. दुसरं काहीतरी असेल. घड्याळ असेल.”

बाई परत गेल्या. आठवड्याने पुन्हा आल्या. तेव्हा दुकानात चारपाच गिऱ्हाइके होती, आणि त्यांच्यासमोरच बाई म्हणाल्या, “घड्याळ नाही रे ते. मशीनच आहे. एकदा घरी येऊन बघतोस का?”

बाईंचे घर पाच मिनिटांच्या वाटेवर होते. पण चार माणसांदेखत आपल्या कामात खोट काढली, हे नरहरला झोंबले. आपला तो बाब्या! तो हसून म्हणाला, “बाई, आवाज करील असा एकही भाग मी त्यात घातलेला नाही. उतारवयात कान वाजतात कधी कधी. एकदा दाखवून घ्या डॉक्टरला.”

गिऱ्हाइके हसली. बाईही थोड्या हसल्या आणि निघून गेल्या. त्यांनी तीस वर्षे मुलांना शिकवले होते, की ज्याला ज्यातले कळते त्याचे त्यात ऐकावे. शिवाय साठीनंतर त्यांच्या आईचेही कान गेले होते. नरहर म्हणतो तर तसेच असेल, असे त्या धरून चालल्या.

त्यानंतर बाई पुन्हा आल्या नाहीत. नरहरला वाटले, तक्रार मिटली.

होळी झाली. एके दिवशी दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. बाई उतरल्या. मागून रिक्षावाल्याने संगणकाची पेटी आणून ठेवली.

“हा कुणा गरजूला दे,” बाई म्हणाल्या. “मला आता उपयोग नाही.”

“का हो, बाई?”

“कान गेले, नरहर. तू म्हणालास ते खरं होतं. वाचायला बसले की सारखं टिकटिक वाजतं. धडा वाचला की तो चांगला झाला की वाईट, हेच मला ओळखता येत नाही. अशा माणसाने मुलांना काय म्हणून पाठवायचं? शाळेला मागेच कळवून टाकलं, की दुसरं कोणी बघा.”

नरहरला वाईट वाटले. पण संगणक नीट चालतो हे बाईंना दाखवावे, म्हणून त्याने तो तिथेच सुरू केला.

त्या दिवशी गिरणीचा पट्टा तुटला होता. सकाळपासून गिरणी बंद होती. पत्र्यावर चिमणी चालली तरी ऐकू यावी, इतके शांत होते.

टिकटिकटिकटिक.

नरहरने ऐकले. अगदी स्पष्ट ऐकले. लाकडात किडा कुरतडावा तसे, बारीक आणि न थांबणारे. त्याच्या कानशिलांपर्यंत ऊन ऊन रक्त चढले.

बाई त्याच्याकडे बघत होत्या. “तुला येतंय का रे काही ऐकू?” त्यांनी विचारले. त्या विचारण्यात आशा होती, आणि ती नरहरला दिसली.

एक शब्द बोलायचा होता. फक्त “हो” म्हणायचे होते. पण दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती, आणि वर पाटीवर नरहरचे नाव होते.

“नाही, बाई,” तो म्हणाला. “काहीच नाही.”

“मला येतंय,” बाई म्हणाल्या. “म्हणजे माझेच कान.” आणि त्या रिक्षात बसून गेल्या.

गिऱ्हाइके गेल्यावर नरहरने दुकानाचे दार ओढून घेतले आणि झाकण उघडले. शोधावे लागलेच नाही. पंख्याच्या चौकटीला आतून तांदळाचा एक दाणा चिकटला होता. कुंकवाने लाल, वाळून घट्ट झालेला. पाते फिरले की दर फेरीला त्याला निसटते लागत होते. तो नरहरच्याच हातचा दाणा होता. झाकण उघडे ठेवले होते ते कशासाठी, हेही त्याला चांगले आठवत होते.

त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जनाची नाही तर मनाची तरी बाळगावी, असे म्हणतात. नरहरने आजवर फक्त जनाची बाळगली होती. आज पहिल्यांदा मनाची लाज वाटली आणि ती कुठे ठेवावी हेच त्याला कळेना.

चिमट्याने त्याने दाणा काढला. अक्षता केरात टाकू नयेत, म्हणून कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवला. संगणक आता अगदी गप्प झाला. मग नरहरच्या मनाने एक पळवाट काढली. संगणक उद्या बाईंकडे नेऊन लावू. टिकटिक येणार नाही. बाईंना वाटेल, कान बरे झाले. त्या पुन्हा वाचू लागतील. कोणाला काही सांगायची गरजच काय?

आपल्याला वाचवणारी युक्ती माणसाला नेहमीच दुसऱ्याच्या भल्याची दिसते.

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या घरी गेला. त्यांची वाचायची खोली त्याने आजच पाहिली. खिडकी घट्ट लावलेली. दाराला आतून दुहेरी गोधडी टांगलेली. भिंतीवरचा पंखा बंद, कारण तो करकरे. जिथे घड्याळ होते तिथे नुसता खिळा होता. घड्याळ बाहेरच्या ओसरीवर लावलेले त्याने येतानाच पाहिले होते. “घड्याळ असेल,” असे आपण म्हणालो होतो, हे आठवून त्याने मान खाली घातली.

“पुन्हा एकदा ऐकून बघा, बाई,” तो म्हणाला आणि त्याने संगणक सुरू केला.

बाईंनी डोळे मिटले. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. नरहर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. आता हसतील, असे त्याला वाटले.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले.

“कालपर्यंत ते बारीक तरी ऐकू येत होतं,” त्या म्हणाल्या. “आज तेही गेलं. आईचं अगदी असंच झालं होतं. आधी कान वाजायचे, मग ते वाजणंही थांबलं. मग माणसांचे आवाज गेले.”

नरहरची युक्ती तिथेच संपली. आता गप्प राहणे म्हणजे या बाईंचे चांगले कान आपल्या हाताने बुजवणे, हे त्याला कळले. त्याने खिशातली पुडी काढली आणि दाणा बाईंच्या तळहातावर ठेवला.

“हा पंख्यात होता,” तो म्हणाला. “पूजेचा. मीच टाकलेला. काल मला ऐकू आलं होतं, बाई. आलं होतं, आणि मी नाही म्हणालो.”

बाईंनी डोळे पुसले आणि दाण्याकडे पाहिले. मग वर्गात विचारत तशा आवाजात विचारले, “मी पहिल्यांदा आले तेव्हा आलं होतं ऐकू?”

“नाही, बाई.”

“दुसऱ्यांदा?”

“तेव्हाही नाही. मी ऐकलंच नाही.”

“मग ती चूक,” बाई म्हणाल्या. “आणि काल?”

कालच्याला मात्र बाईंनी काही नाव दिले नाही. ते दोघांनाही माहीत होते. धरणी पोटात घेईल तर बरे, असे नरहरला झाले. पण खोलीत गुळगुळीत फरशी होती आणि ती काही दुभंगली नाही.

“मुलांचा पेपर सोमवारी झाला,” बाई म्हणाल्या. “भूगोलाचे सात धडे न ऐकताच त्यांनी तो दिला. दुसरं कोणी मिळालं नाही शाळेला.”

पंखा बदलता येतो, दाणा काढता येतो. होऊन गेलेला पेपर मागे आणता येत नाही. तो उठू लागला.

“बस,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षीची मुलं आहेत. खुर्ची हलवू नकोस, आवाज होतो.”

त्यांनी पुस्तक उघडले आणि राहिलेल्या सातांतला पहिला धडा वाचायला घेतला. बंद खोलीत उकडत होते. नरहरच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण त्याने हात वर केला नाही. पाऊण तास तो मान खाली घालून बसून राहिला. आपण बांधलेला संगणक किती गप्प आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले, आणि त्याचा त्याला जराही अभिमान वाटला नाही. धडा संपल्यावर बाईंनी तो दाणा त्याच्या हातात परत दिला. “ठेव जवळ,” एवढेच म्हणाल्या.

नरहर अजून संगणक जुळवतो. पूजाही करतो, पण झाकण लावून. शांततेची परीक्षा गिरणीसमोर घेत नाही, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, त्याच्या खोलीत बसून घेतो, आणि “तुम्हाला काही ऐकू येतंय का?” असे त्यालाच आधी विचारतो. गल्ल्यापाशी एका छोट्या डबीत लाल तांदळाचा एक दाणा आहे. हा कसला म्हणून कोणी विचारले, की तो सगळी गोष्ट सांगतो. “काल मला ऐकू आलं होतं,” इथपर्यंत आला, की त्याचा आवाज अजूनही खाली जातो.

तात्पर्य: हातून झालेली चूक हाताने काढता येते, पण ती झाकण्यासाठी दुसऱ्याचा स्वतःवरचा विश्वास मोडू नये, कारण त्याची भरपाई कोणत्याही कारागिराच्या हातात नसते.