दोलगे-रीचा उलटा राखणदार

कोरियातल्या सरकारी कारभाराच्या उतरंडीत सगळ्यांत खालचं मडकं म्हणजे 'री', आपल्या भाषेत गाव. दोलगे-री ही अशीच डोंगराच्या कुशीतली चाळीसेक घरांची री. तिकडे वेशीवर लाकडी राखणदार असतो, डोळे वटारून बाहेर बघणारा. इथला मात्र ओढ्याकडे पाठ करून गावाकडे बघतो. पाहुण्यांना वाटतं, चुकून उलटा रोवला. वेशीजवळ राहणारे चो आजोबा म्हणतात, "चूक झाली खरी, पण ती खांब रोवण्यात नव्हे." मग ते पाहुण्यांना बसवून घेतात.

फार पूर्वी म्हणे पे मान-सू नावाचा इथला गावप्रमुख होता. पाटलासारखा मान आणि माणूसही सरळ. ओढ्यापलीकडे गावाचं एकच घर होतं, कापड विणणाऱ्या एका विधवेचं. बाईला माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत. हिला सगळे सेमगोलवाली म्हणत. राखणदार तेव्हा तिच्या घराच्याही पलीकडे उभा असे.

एका वर्षी ऐन लावणीत तिच्या मुलीला ताप भरला. ज्या रीमध्ये साथीचा रोगी, ती अख्खी री चाळीस दिवस बंद, असा हुकूम होता. शेजारच्या गावांचे हात आल्याशिवाय लावणी उरकत नसे, आणि रोपं काही चाळीस दिवस थांबणारी नव्हती. तपासनीस येणार असं कळताच बैठक बसली. सगळे नुसते ओढ्याकडे बघत राहिले. मान-सूनं भर दुपारी राखणदार उपटवला आणि ओढ्याच्या अलीकडे रोवला. दोघं पुरले असते, पण दहा जण धावले, असं सांगतात.

तपासनीसानं पलीकडच्या घराकडे बोट दाखवलं. मान-सू म्हणाला, "ते आमच्या रीतलं नाही." शेजारच्या रीनंही हात झटकले. कोणाच्याच यादीत नसलेल्या घरी औषध आणि तांदूळ कोण पोचवणार? सेमगोलवाली रोज काठावर येऊन उभी राही. अलीकडे लोक खाली वाकून रोपं लावत, आणि मान-सू सगळ्यांत जास्त वाकलेला असे. आठव्या दिवशी ती काठावर आली नाही. ती टेकडीवर एकटीच खड्डा खणत होती.

पीक जोमदार आलं, पण नवा भात मान-सूच्या घशाखाली उतरेना. आपण गाव वाचवलं, असं तो स्वतःला बजावी आणि लाजेनं त्याचे कान तापत. शेवटी एका सकाळी सगळ्यांदेखत त्यानं राखणदार एकट्यानं पाठीवर घेतला, ओढा ओलांडला आणि तिच्या दारात गुडघे टेकले. जुन्या जागी रोवतो, म्हणाला.

ती मागावरून उठली नाही. "परत न्या तो," ती म्हणाली. "इथं राखायला काय उरलंय? अलीकडेच रोवा, पण तोंड गावाकडे करा. प्रमुखजी, नजर ठेवायला हवी ती तुमच्यावर."

मान-सूनं तसंच केलं. पुढे उभ्या जन्मात त्याला त्या डोळ्यांना डोळा देता आला नाही, म्हणे.

आजही नवा प्रमुख आला की वेशीवर सगळ्या घरांची नावं वाचतो. पहिलं नाव सेमगोलवालीचं. तिच्या जागी कधीपासून नुसतं गवत आहे. तरी नाव पुकारलं की सगळ्या गावानं म्हणायचं, "आमचंच घर." मोठ्यानं म्हणायचं असतं, पण आवाज कोणाचा निघत नाही.