निवळीची भिंत

आज मळभ आहे, वारा पडला आहे, ओहोटीही लागली आहे, म्हणून भिंत पायथ्यापर्यंत दिसते. बघा, इकडे खाडी आणि तिकडे भातशेती. मधे हा मातीचा बांध. बांधात जिथून शेतातले पाणी बाहेर सोडतात ती उघाडी, आणि उघाडीच्या दोन्ही अंगांना ही दगडी भिंत. सांध्यातला चुना पांढरा दिसतो ना, त्याला आम्ही निवळ खाल्लेला चुना म्हणतो.

निवळ म्हणजे काय ते आधी सांगतो, घाई नाही. हा शब्द फार जुना. जाणती माणसे सांगत की पहिल्यांदा गढूळ पाणी ठेवून वर जे स्वच्छ येई ती निवळ. मग कुळीथ उकडून वरचे पाणी काढत, तीही निवळ. पुढे भात वेळून जे पाणी निघते तेही निवळच झाले. गरिबाने त्यात मीठ घालून ते जेवण म्हणून प्यावे. आणि दाजीबा खोताच्या घरात निवळ म्हणजे गुरांच्या डोणीत ओतायची वस्तू.

हा दाजीबा गावाचा खोत होता. त्याच्याविषयी चांगले काही सांगावे म्हणून मी पुष्कळ जणांना विचारले. कोणाला आठवले नाही. बांधावर लोकांना वेठीला धरायचा आणि दुपारी त्यांना निवळ पाठवायचा. भात स्वतःच्या आणि पाहुण्यांच्या पानात. वर म्हणायचा म्हणे, "रयतेला पातळ मानवतं."

उघाडीची भिंत दर उधाणाला ढासळायची. खारे पाणी एकदा आत शिरले की जमीन काही वर्षे भाताला नाकारते. खोताचे कोठार भरलेले होते, त्याला काय. लोकांच्या वर्षाच्या पोटाचा प्रश्न होता. गवंडी होता येसू. तो खोताला म्हणाला, "चुन्यात गूळ नि बेलफळाचं पाणी हवं, नायतर धरणार नाय."

"चुना काय जावई आहे, गोड खायला?" खोत म्हणाला. "खाडीचं पाणी घाल. फुकट आहे."

दुपारी निवळ वाढायचे काम धोंडाय नावाच्या बाईकडे असे. तिने येसूच्या चुना मळायच्या घाणीत वाकून पाहिले आणि आपल्या वाटणीच्या निवळीचा करा त्यात उपडा केला. "भांड्याला सुकली की खरवडून निघत नाय ही," ती म्हणाली. "बघ तरी."

दुसऱ्या दिवशी त्या चुन्याचा तेवढाच सांधा धरलेला होता. मग बांधावरच्या प्रत्येकाने आपली निवळ चुन्यात ओतली. भिंत वर येईपर्यंत माणसे उपाशी दगड वाहत होती. खोत छत्री घेऊन यायचा, बघायचा, हसायचा. "गुरांचं खाणं भिंतीला चारतात. अक्कल बघा."

धोंडायचा नवरा सोनू अंगाने किरकोळ. शेवटचा दगड बसवून तो बांधावर टेकला, तो उठलाच नाही. धोंडाय त्याच्याजवळ बसून होती. खोत तिच्या देखत म्हणाला, असे सांगतात, "बरं झालं, प्यायला एक तोंड कमी."

त्याच आठवड्यात पुनवेचे उधाण आले. भर दुपारी पाणी भिंतीच्या माथ्याला लागले. शेजारच्या गावाचा बांध वाहून गेला. इथे मात्र भिंतीपुढचे पाणी निवळीसारखे पांढरे झाले, तिथेच थबकले आणि मागे फिरले म्हणे. मी पाहिलेले नाही; पण भिंत उभी आहे, ती तुम्ही पाहताच आहात.

पाणी ओसरल्यावर खोत आला तो भिंतीवर आपले नाव कोरायला येसूला सांगतच. येसूने छिन्नी पिशवीत टाकली. लोकांनी बांधावर सोनूच्या नावाने पंगत मांडली होती. बोलावल्याशिवाय खोत पहिल्या पानावर जाऊन बसला. धोंडायने प्रत्येकाला वाढली तशी त्यालाही द्रोणात निवळ वाढली. त्याने द्रोण बोटाने सरकवला. "हे डोणीत ओत. भात आण."

आजही सुगीनंतर इथे पंगत बसते. आधी निवळ, ती संपल्यावर भात. पहिले पान खोताच्या घराण्यातल्या माणसाचे. भली माणसे आहेत ती आता, मुकाट येतात. रीत म्हणून त्याने द्रोण सरकवायचा, आणि खोताच्या कुंपणाच्या गडग्याला ज्याचा गडगा लागून होता त्या गणू भंडाऱ्याच्या वंशातल्याने गणूचेच तेव्हाचे शब्द बोलायचे. सोनूच्या त्या पंगतीपर्यंत खोताला नावाने हाक मारायची कोणाची छाती नव्हती. त्या दिवशी गणू खोताच्या शेजारी बसला होता; आपला द्रोण खाली ठेवून, आवाज न चढवता तो म्हणाला:

"दाजीबा, ही भिंतीनं खाल्ली म्हणून तुझं धोतर कोरडं आहे. गप पी."