भट्टीकडे न मागितलेली गोष्ट

एका राज्यात एक भट्टी होती, आणि ती बोलत असे. राजाला ती एका मांत्रिकाने दिली होती. विहिरीचे पाणी ती ओढी, धान्य ती वाळवी, उसाचा रसही तीच आटवी. बदल्यात ती झाडे खाई. जो झाड तोडायला नकार देई, त्याचेच झाड होई.

मालनच्या नवऱ्याचे, सर्जाचे, असेच झाड झाले होते. आता रानात तेवढे एकच उरले होते. उद्या त्याची पाळी. मालनचा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्या झाडावरचा धनेश पक्षी म्हणाला, "बाई, भट्टी लाकडावर नाही, मागणाऱ्यांवर जगते. दिवसभर तिच्याकडे कोणी काहीच मागितले नाही, तर ती विझेल. तिची तिन्ही कामे दुसऱ्यांना सोपव."

मालनने राजापुढे हात जोडले. "महाराज, उद्याचा दिवस द्या."

राजाच भेदरलेला होता. "सूर्यास्तापर्यंत दिला. पुढे माझा इलाज नाही."

उजाडताच तिने विहिरीच्या रहाटाला घोंगड्या बांधल्या आणि वाऱ्याला हाक मारली. वारा आला, रहाट फिरला, पाटात पाणी आले. मग तिने कातळावर धान्य पसरून सूर्याला विनवले. सूर्य हातभर खाली उतरला. दुपारपर्यंत धान्य खडखडीत वाळले.

उरला रस. जाळायला होती फक्त उसाची चिपाडे. त्या राज्यात ऊस म्हणजे घरची लेक. चिपाडे नदीत सोडायची, जाळायची नाहीत. लोक दगड घेऊन उभे राहिले. "माये, रस दिलास, आता जाळही दे," म्हणत मालनने काहिलीखाली चिपाडे पेटवली. रस उकळू लागला. दगड हातातच राहिले.

तेवढ्यात भट्टी गोड आवाजात म्हणाली, "मालन, सर्जा हवा ना? नुसता माग. आत्ता देते."

भट्टीने तीनदा विचारले. मालनला त्याच्यावाचून दुसरे काही नको होते. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळे मिटले.

सूर्य बुडाला. भट्टी विझली.

रानातून सर्जा लंगडत आला. पायावर सूर्य बुडताना पडलेला कुऱ्हाडीचा घाव होता. झाड झालेले बाकी कोणीच परतले नाही. ते केव्हाच जळून गेले होते.

"मला मागितलं नाहीस?" त्याने विचारले.

"नाही," ती म्हणाली, आणि मग ढसाढसा रडली.

राजाने गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने एक झाड लावले. भट्टीच्या जागी आता दाट रान आहे. लोक तिथे जातात, सावलीत बसतात. मागत मात्र कोणी काही नाही.