आपलोनबायचा खोटा पडलेला शब्द

खाडीवर पूल नव्हता, माणसं होडीने पलीकडे जात, तेव्हाची ही गोष्ट. समुद्राकाठच्या नांदरगावात आपलोन नावाची सुईण राहायची. गावातलं प्रत्येक मूल आधी तिच्या हातात यायचं आणि मग आईच्या कुशीत. तिचे हात असे ऊबदार, की रडतं मूलही तिच्या ओंजळीत हसायचं, असं म्हणतात. सारा गाव तिला आपलोनबाय म्हणे.

गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. चर्च मात्र एकच, आणि गोड्या पाण्याचं तळंही एकच. त्याला बावखल म्हणत. केळीच्या वाड्या, पानवेली, माणसं, गुरं, सगळी त्या बावखलावर जगत. खाडीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून वाडवडिलांनी मातीचा लांबच लांब बांध घातला होता. दर उन्हाळ्यात दोन्ही आळ्या मिळून त्यावर नवी माती चढवत.

मग एका वर्षी गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत क्रूस कोणी पुढे धरायचा यावरून भांडण पेटलं. या आळीने ओढला, त्या आळीने ओढला, आणि क्रूसाचा एक हात मोडला. तेव्हापासून या आळीचं माणूस त्या आळीच्या मयतालाही जाईना. वरच्या आळीचा पुढारी होता बस्त्याव, आपलोनबायचा पाठचा भाऊ. तिला दिलेली खालच्या आळीत. बस्त्यावने बहिणीच्या दारावरून जायचंही सोडलं.

आणि बांध? "आधी त्यांनी माती टाकावी," असं दोघंही म्हणत. कोणीच टाकली नाही. बांध खचत गेला.

एके सकाळी आपलोनबायने बावखलाचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. खारट! शेजारणींनी चाखलं, तर गोड साखर. तीन वेळा तसंच झालं. ती तशीच चर्चमध्ये गेली.

"फादर, मला भविष्य दिसायला लागलं की काय?"

फादर जोकीम म्हातारे होते, सावकाश बोलत. म्हणाले, "आपलोन, उद्या काय होणार ते ज्योतिषीही सांगतो. संदेष्टा देवाच्या मनातली कळकळ सांगतो. योना निनवे शहरात ओरडत फिरला, की हे शहर बुडणार. लोक रडले, वळले, आणि देवाने शहर राखलं."

"मग योनाचा शब्द खोटा पडला?"

"पडला. म्हणून तो रुसून बसला."

"रुसला?" आपलोनबायला नवल वाटलं. "एवढं शहर वाचलं, आणि रुसला?"

फादर हसले. म्हणाले, "तुला कळलं. आता जा आणि बोल."

पण बोलायचं म्हणजे सख्ख्या भावाविरुद्ध बोलायचं. कितीतरी दिवस तिने शब्द पोटात ठेवला. अन्न गोड लागेना. शेवटी ईस्टरची मिस्सा सुटली तेव्हा ती चर्चच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "ऐका गं बायांनो, ऐका रे बाबांनो! क्रूस मोडला त्याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही. मन पालटलं नाहीत तर या पावसाळ्यात खाडी बावखलात शिरेल आणि तुमची लेकरं मिठाचं पाणी पितील."

काही हसले. काही घाबरून तिच्या दारी आले. "बाय, माझ्या म्हशीला रेडी होईल का?" "लेकाचं लग्न कधी जमेल?"

"अरे, मला पुढचं दिसत नाही," ती वैतागून म्हणायची. "मला तुमचं आत्ताचं दिसतंय!"

कोणी ऐकेना, तेव्हा तिनेच पाटी उचलली. रोज एकटी जायची, माती खणायची, बांधावर ओतायची. एवढा लांब बांध आणि एवढीशी म्हातारी. तरी ती ओती तिथली माती दगडासारखी घट्ट बसे, असं म्हणतात.

एके दिवशी बस्त्याव तणतणत आला. "बाय, गावासमोर माझी मान खाली घालायला लावलीस. तुझा शब्द खरा व्हावा आणि लोकांनी तुझ्या पाया पडावं, हेच ना तुला हवंय?"

"खरा झाला तर तुझी नातवंडं तहानेने रडतील," ती म्हणाली. "त्यांना या हातांनी घेतलंय मी."

बस्त्यावने तिच्या हातांकडे पाहिलं. तळव्यांची सालं निघाली होती, रक्त येत होतं. त्याने पाटीचा एक कान धरला. दूरवर खालच्या आळीचा एक तांडेल होडी ओढत होता. तो बघत राहिला, मग आला आणि त्याने दुसरा कान धरला. दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्या बांधावर होत्या.

श्रावणात पुनवेचं उधाण आलं. भर दुपारी अंधारलं. खाडी अशी फुगली, की पाणी बांधाहून पुरुषभर उंच चढलं आणि तिथेच भिंतीसारखं थबकलं. बांधावर गाव हातात हात धरून उभा होता. आत थेंबही पडला नाही, असं म्हणतात. दिवस कलला तसं पाणी मागे सरलं.

बस्त्यावने बावखलातली ओंजळ चाखली. त्याचे डोळे भरून आले. "बाय, तुझा शब्द खोटा पडला गं."

आपलोनबाय मटकन खाली बसली आणि हसू लागली. "खोटा पडावा म्हणूनच तर दिला होता, वेड्या!"

ती गेली तेव्हा तिला दोन्ही आळ्यांनी खांदा दिला.

अजूनही नांदरगावात ईस्टरनंतर बांधावर माती चढवतात. तिला आपलोनबायची माती म्हणतात. ज्या दोघांचं वर्षभर बोलणं नाही, त्यांना एकाच पाटीचे दोन कान धरावे लागतात. काम संपलं की गावातली सर्वांत वयस्कर बाई उभी राहते आणि गावाचं काय चुकलं, त्याचं काय फळ येईल, ते कोणाचं नाव न घेता सांगते. सगळे माना खाली घालून ऐकतात. मग सारा गाव एका सुरात म्हणतो, "बाय, तुझा शब्द खोटा पडो!"

आणि ती म्हणते, "आमेन."