पाठराखणीची नाळ

कोकणात उतरणारी ही जी उभी, दगडगोट्यांची वाट समोर दिसते, तिला पाठराखणीची नाळ म्हणतात. इतर घाटांत वाटाड्या पुढे चालतो आणि पाहुणे त्याच्या मागून. इथे उलटे आहे. इथला वाटाड्या सगळ्यांच्या मागे चालतो. तुमच्यातल्या या ताईंनी सकाळीच मला विचारले, की बाबा, गुडघे दुखतात का? गुडघे दुखतात हे खरे, पण मागे चालण्याचे कारण ते नव्हे. माझे वडील भर ज्वानीत मागेच चालायचे. जरा टेका या कातळावर, म्हणजे सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे. घाटावरचा माल या नाळेने बंदरावर जायचा आणि बंदरावरचे मीठ वर यायचे. वाट दाखवायचा मान आमच्या गावाकडे होता. ज्याने आमच्या चुलीवरची भाकरी खाल्ली, त्याला सुखरूप खाली पोचवायचे, हा गावाचा शब्द. त्या काळी जावजी नावाचा वाटाड्या होता. त्याच्या काठीला घुंगरे बांधलेली असत. तो पुढे चालायचा आणि लोक घुंगरांच्या आवाजामागून. जावजी मागे वळून बघत नाही, असे लोक कौतुकाने म्हणायचे, आणि त्यालाही ते गोड लागायचे. त्याची बायको हौसा भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन तांड्याबरोबर उतरायची आणि मीठ घेऊन वर यायची.

एका पावसाळ्याच्या अखेरीस व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर एक परदेशी प्रवासी आला. कुठला, ते नक्की नाही. कोणी अरब म्हणतात, कोणी चिनी. माझे आजोबा समोर ज्या देशाचा पाहुणा बसला असेल त्या देशाचा त्याला करून टाकायचे, आणि पाहुणे खूश व्हायचे. पण तो जग बघायला निघाला होता, एवढे सगळेच सांगतात. मुक्कामाला तो जावजीच्या घरी उतरला. जेवताना तो एकेक नवल सांगे आणि एक व्यापारी ते आपल्या बोलीत उलगडून देई. आग ओकणारा डोंगर. थंडीत दगडासारखी गोठणारी नदी, तिच्यावरून गाड्या जातात. रस्त्यांच्या जागी पाणी असलेले शहर. घरची माणसे जेवायची थांबली म्हणे. हौसाने मात्र एकच विचारले.

"एवढ्या लांबलांब गेलास, तर तुला माघारी कोन आनत हुतं?"

व्यापाऱ्याने ते त्याला सांगितले. प्रवासी म्हणाला, की हे मला आजवर कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडा निघाला. वाटेत डावीकडे कडा आहे, तुम्हालाही दाखवीन. तिथे कधी कधी खालच्या धुक्यात गोल इंद्रधनुष्य उमटते आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली उभी असते. आम्ही त्याला इंद्रवज्र म्हणतो. त्या सकाळी ते उमटले. प्रवासी बघत उभा राहिला. त्यात त्याचे काय चुकले? तो बघायलाच तर आला होता. पण बघता बघता धुके वर चढले आणि सारे पांढरे झाले. घुंगरे वाजत होती, पण या नाळेत आवाज एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर आपटतो. तो आवाजामागून निघाला आणि भलत्याच बाजूला गेला.

तांडा खाली पोचल्यावर तो नाही हे ध्यानात आले. जावजी म्हणाला, "थांबला त्यो आपल्या जिवावर थांबला. धुक्यात वर जानं म्हंजी मरान."

हौसाने गाठोडे खाली ठेवले. "त्यानं आपली भाकर खाल्ली हाय. त्याला घेतल्याबिगर म्या उतरायची न्हाई," एवढे म्हणाली आणि वळली. कोणी अडवायला धजले नाही.

तिने वर जाताना एकही हाक मारली नाही. हाकेने तो आणखी भरकटेल, हे तिला ठाऊक होते. ती कड्यापाशी गेली आणि तिथून चुरडलेले ओले गवत हाताने चाचपत निघाली. तो सापडला. पायरीएवढ्या कपारीवर, पाठ भिंतीला लावून उभा. आधी तिने त्याच्या पुढे होऊन वाट दाखवली, पण दोन पावलांत ती धुक्यात दिसेनाशी होई आणि तो तिथेच थिजून जाई. बोली एकमेकांची कळत नव्हती. तेव्हा हौसा त्याच्या मागे आली. लुगड्याचा पदर त्याच्या कमरेला गाठ मारून बांधला आणि तळहात त्याच्या पाठीवर ठेवला. तेव्हा कुठे त्याने पाऊल उचलले. डावीकडे वळायचे तर डाव्या खांद्याला दाब, थांबायचे तर पदराला ओढ. तो घसरला तेव्हा तिने दगडाला पाय रोवून त्याला धरला. पुढे असती तर त्याच्याबरोबर तीही गेली असती. दिवस मावळायच्या आत दोघे खाली आले. तो पुढे, ती मागे.

जावजी तिथेच बसून होता. त्याने काठीची घुंगरे सोडली आणि काठी बायकोच्या हातात दिली. हौसा म्हणाली, "या नाळंत आता माझ्यामागं कोनी राह्यचं न्हाई." तो तिचा नेम झाला. पुढे जन्मभर, उन्हात नि पावसात, ती सगळ्यांच्या शेवटी उतरली. जावजीसुद्धा तिच्या पुढे चालायचा.

तो प्रवासी समुद्रापार आपल्या घरी पोचला म्हणे. लोक त्याला विचारायचे, की जगात सगळ्यात लक्षात राहिले असे काय पाहिलेस? तो सांगायचा, त्या दिवशी धुक्यात मला काहीच दिसत नव्हते, फक्त पाठीवर एक हात होता. आता हे आम्हाला इथे कोणी येऊन सांगितले, ते विचारू नका. मला ते खरे वाटते, एवढे पुरे.

हौसा म्हातारी होऊन गेली. तिरडी बांधली, लेकाने विस्तवाचे मडके हातात धरले. मडके धरणारा तिरडीच्या पुढे चालतो, सगळीकडे तीच रीत. जाणती माणसे म्हणाली, पुढे हो. लेक जागचा हलला नाही.

"जल्मभर आमी समदेच तिच्या म्होरं चाललो," तो म्हणाला. "आज तिला जाऊ द्या म्होरं."

मग अख्खे गाव तिरडीच्या मागे राहिले. म्हातारी पहिल्यांदाच पुढे निघाली, आणि लेकाने मोकळा हात तिरडीच्या मागच्या बांबूला लावला होता.

आजही आमच्या गावात मडके तिरडीच्या मागून जाते. माणूस कोणीही असो, शेवटच्या वाटेला त्याच्या पुढे कोणी होत नाही. बाहेरगावचे सोयरे कुजबुजतात, रीत चुकली म्हणतात. आम्ही वाद घालत नाही. बांबूला हात लावतो आणि मागून चालत राहतो.