डोळे नसलेला सिंह

एका राज्यात बोधकथांची एक चित्रपोथी होती. तिच्यातला ससा पाहून पोरं हसत, सिंह पाहून राजे शहाणे होत. राजपंडित धूर्जटीशास्त्र्यांना मात्र ती खुपे. "चित्रं पोरासोरांना. जाणत्यांना शब्द पुरेत," म्हणत त्यांनी साऱ्या प्राण्यांचे डोळे खरवडून टाकले. पोथी रंगवणारा मांत्रिक कडाडला, "हे डोळे परत येईतो राजाला माणसाचा चेहरा दिसणार नाही!"

तसंच झालं. प्रतापकेतू राजाला माणसं दिसत, पण चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. चेहराच दिसेना, तिथे दया कुठली? चोर सोडून संन्याशाला सुळी, असा कारभार सुरू झाला. एके दिवशी निरपराध माणकोजीला सुळी फर्मावली. त्याची बहीण हंसावळी चितारीण होती. ती दरबारात धावली.

"महाराज, मी पोथीतले डोळे रंगवते. भावाला तोवर जीवदान द्या."

"सूर्य मावळेपर्यंत," राजा म्हणाला.

दरबारातली मैना पिंजऱ्यातून बोलली, "बाई गं, आठवणीतून रंगवशील तर रंग टिकायचा नाही. जिवंत डोळ्यांत पाहूनच रंगव."

हंसावळीनं बंदिखान्यात भावाच्या भेदरलेल्या डोळ्यांत पाहिलं. सशाला डोळे आले. तो पानावरच थरथरला. मग तिनं शास्त्र्यांच्या डोळ्यांत पाहिलं. कोल्ह्याला डोळे आले आणि त्यानं चटकन नजर चुकवली.

उरला सिंह. त्याचे डोळे राजाकडेच मिळायचे. पण राजाच्या नजरेला नजर देईल त्याचे डोळे काढावेत, असा त्या दरबारचा रिवाज. डोळे गेले तर चितारणीचं उरतं काय? तरी हंसावळीनं मान वर करून राजाच्या डोळ्यांत पाहिलं.

तिला वाटलं होतं, तिथे राग असेल. होतं एकटेपण. कित्येक वर्षं एकही चेहरा न पाहिलेल्या माणसाचं. तिनं तेच रंगवलं.

राजानं पोथी पाहिली. सिंहाच्या पंजाखाली ससा होता आणि सिंहाचे डोळे भरले होते.

"हा मी?"

"होय, महाराज."

राजा ढसाढसा रडला. धुकं विरलं. "माणकोजीला आणा. त्याचे साखळदंड तोडा," तो म्हणाला, "आणि डोळे काढायचा तो रिवाज आजपासून बंद."

शास्त्र्यांनी पोथी मस्तकी लावली. "जन्मभर महाराजांना नीतीचे श्लोक शिकवले," ते पुटपुटले, "पण एकदाही डोळ्यांत पाणी आलं नाही." त्यांनी स्वतःच्या हातांनी ती महाकाव्यांच्या रांगेत ठेवली.

माणकोजी आला. हंसावळीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. राजा ते दोन चेहरे कितीतरी वेळ पाहत राहिला.

त्या राजाला माणसं दिसली, तशी तुम्हांआम्हांलाही दिसोत.